काडतूस भरायचं मशीन घ्यावं का? किनवटच्या शेतकऱ्यांनी पैसे घालण्याआधी हे वाचा

मोबाईलवर सोपं दिसतं, पण कायद्याच्या भाषेत ते मशीन म्हणजेच दारूगोळा. मग पिकाच्या राखणीसाठी पहिला पैसा कुठे घालायचा?

किनवट : सोयाबीन शेंगेत आलं, मक्याला कणीस धरलं की जंगलाला लागून असलेल्या शिवारात रात्रीची झोप उडते. मांडवी, इस्लापूर, बोधडी, शिवणी भागात रानडुकरांचा कळप एका रात्रीत किती नासाडी करतो हे कोणाला सांगायची गरज नाही. मग माचाणावर बसल्या बसल्या मोबाईल चाळला जातो. त्यात एखादा परदेशी व्हिडिओ येतो. माणूस टेबलावर छोटं मशीन बसवतो, रिकामे तोटे घेतो, दांडा ओढतो आणि नवी काडतुसं तयार! खाली हिंदीतून कोणीतरी विचारलेलं असतं, “ये मशीन कहाँ मिलेगा?”

ज्यांच्याकडे वडिलोपार्जित परवान्याची बंदूक आहे त्यांना ही कल्पना साहजिकच आवडते. काडतूस महाग, त्यासाठी नांदेडपर्यंतचा हेलपाटा, आणि रिकामे तोटे घरात पडलेले. मग ते पुन्हा भरले तर काय बिघडलं?

बरंच काही बिघडतं. नवशिक्याने कोणतं मशीन घ्यावं, या प्रश्नाचं आपल्याकडचं उत्तर एका ओळीत आहे : कोणतंच नाही. ते का, आणि त्या पैशात कोणतं सामान घ्यायचं, हे नीट समजून घेऊ.

व्हिडिओत दिसतं ते नेमकं काय?

बारा बोअरच्या काडतुसात पाच गोष्टी असतात. बाहेरचा तोटा म्हणजे केस, बुडाला ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू, दारू आणि छर्रे वेगळे ठेवणारी डाट, आणि वर छर्रे. बार झाला की टोपी, दारू, डाट, छर्रे सगळं संपतं आणि तोटा तेवढा उरतो. त्या रिकाम्या तोट्यात बाकीच्या चार वस्तू पुन्हा घालून तोंड बंद करणं, याला अमेरिकेत ‘रीलोडिंग’ म्हणतात.

त्यासाठी तिथे दाबयंत्र, साचे, दारू मोजायचा काटा असं सामान दुकानात मिळतं. तिथला नेमबाज महिन्याला शेकड्याने गोळ्या झाडतो, म्हणून त्याला ते परवडतं. दारू आणि टोप्याही तिथे दुकानात विकत मिळतात. आपल्याकडचा शेतसंरक्षणवाला वर्षाला किती बार काढतो? बहुतेकांचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणजे हिशेबानेही हे मशीन आपल्या कामाचं नाही. कायद्याची गोष्ट तर त्याहून पुढची आहे.

मशीन म्हणजेच दारूगोळा

बऱ्याच जणांना वाटतं, बंदूक आणि गोळी कायद्यात येते, मशीन म्हणजे नुसतं लोखंड. इथेच फसगत होते.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मध्ये ‘दारूगोळा’ म्हणजे काय याची व्याख्या दिली आहे. त्यात भरलेलं काडतूस तर आहेच. त्याशिवाय बंदुकीत घालायची दारू आणि तिच्याबरोबरचं सामान, दारूगोळ्याचे सुटे भाग, आणि दारूगोळा तयार करायची यंत्रसामग्री हेही सगळं ‘दारूगोळा’ याच शब्दात धरलं आहे. म्हणजे घरात एकही गोळी नसली आणि नुसतं काडतूस बनवायचं मशीन सापडलं, तरी कायद्याच्या नजरेत ते दारूगोळा सापडल्यासारखंच आहे.

आता पुढची कलमं बघा :

- कलम ३ : परवान्याशिवाय बंदूक किंवा दारूगोळा बाळगता येत नाही. मोडल्यास कमीत कमी २ वर्षं, जास्तीत जास्त ५ वर्षं कैद आणि दंड.
- कलम ५ : परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा तयार करता, विकता, दुरुस्त करता येत नाही. मोडल्यास कलम २५ प्रमाणे कमीत कमी ७ वर्षं कैद, ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते, आणि दंड.
- कलम १० : परदेशातून शस्त्र किंवा दारूगोळा परवान्याशिवाय आणता येत नाही. म्हणजे ‘ऑनलाइन मागवलं, कुरिअरने आलं’ हा बचाव होत नाही.

पूर्वी कलम ५ मोडल्याची शिक्षा ३ ते ७ वर्षं होती. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने ती ७ वर्षं ते जन्मठेप झाली. जुन्या माहितीवर “काही होत नाही, जामीन मिळतो” असं सांगणारे गावात असतात. त्यांच्या शब्दावर जाऊ नका.

“मग रिकामा तोटा खिशात असला तरी गुन्हा का?” असा प्रश्न पडेल. तसं नाही. कलम ४५ मध्ये एक सूट आहे. शस्त्राचे किंवा दारूगोळ्याचे किरकोळ सुटे भाग, जे बाकीच्या भागांबरोबर जोडून वापरायचे नाहीत, त्यांना हा कायदा लागत नाही. किल्लीला अडकवलेला जुना तोटा आणि भरण्यासाठी पोत्यात साठवलेले तोटे यात हाच फरक आहे. शेजारी दारू, टोप्या आणि मशीन सापडलं, तर तोटे कशासाठी ठेवले होते हे वेगळं सांगावं लागत नाही.

“पण माझ्याकडे तर परवाना आहे!”

परवाना बंदूक घेण्याचा, जवळ ठेवण्याचा आणि बाळगून फिरण्याचा असतो. काडतूस बनवण्याचा नसतो. एका वेळी किती काडतुसं घेता येतील आणि वर्षाला किती, हे परवान्यावर लिहिलेलं असतं. दुकानदार प्रत्येक खरेदीची नोंद करतो. घरी भरलेलं काडतूस या हिशेबात कुठेच बसत नाही. वेगळी लेखी परवानगी हातात असल्याशिवाय साध्या परवान्यावर हे काम करता येत नाही. परवान्याची अट मोडली तर कलम ३० खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय परवानाही जातो. आणि बनावटीचा गुन्हा लागला तर वरचं कलम २५ आहेच.

ठासणीच्या बंदुकीचं काय? तिच्यात प्रत्येक बाराला दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून ठासावेच लागतात. ती बंदूक चालवायची रीतच तशी आहे, त्याला काडतूस बनवणं म्हणत नाहीत. पण तिला लागणारी दारू आणि टोपी ही कायद्याने दारूगोळाच आहे. ती परवान्यावर, परवानाधारक दुकानातूनच घ्यावी लागते. घरी दारू कुटून बनवली, फटाक्यातली काढून भरली, तर गुन्हा तर होतोच, पण त्याआधी नळी फुटते.

चूक झाली तर दुरुस्तीला जागा नाही

बंदुकीची दारू म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एकच काळी भुकटी येते. प्रत्यक्षात तिच्या जाती वेगवेगळ्या. काळी दारू धूर खूप करते, पण तिचा दाब तुलनेने बेताचा. आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू थोडक्यात फार मोठा दाब तयार करते. फटाक्यातली तिसरीच. ती बंदुकीसाठी बनवलेलीच नसते, तिचा स्फोट एकदम होतो. दिसायला तिन्ही भुकटीच, पण एकीच्या जागी दुसरी गेली तर नळी फाटते. बंदूक खांद्याला आणि डोळ्याजवळ लावलेली असते आणि डावा हात नळीखाली असतो. म्हणून अशा अपघातात बोटं आणि डोळे आधी जातात.

दुसरी गोष्ट जुन्या बंदुकांची. किनवट तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. शिकारीला बंदी आली ती १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने. त्यामुळे या पट्ट्यातल्या काही घरांत आजोबा-पणजोबांच्या काळातल्या बंदुका परवान्यावर चालत आल्या आहेत. काही जुन्या नळ्या फक्त काळ्या दारूसाठी बनलेल्या असतात. काहींचं काडतूस बसायचं घर ६५ मिलिमीटरचं असतं, तर आज सर्रास मिळणारं काडतूस ७० मिलिमीटरचं. ते आत बसतं, पण बार होताना तोट्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. कारखान्यातलं काडतूस निदान ठरलेल्या मापात आणि तपासणी होऊन येतं. घरी भरलेलं काडतूस कोण तपासणार?

आपल्या राज्यात पुण्याजवळच्या खडकीत १८६९ पासून दारूगोळा कारखाना आहे. बारा बोअरची ‘शक्तिमान’ काडतुसं तिथली. हा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे. तिथे दारूचं वजन, दाब, टोपीची ठिणगी हे सगळं यंत्रावर तपासतात. घरातल्या टेबलावर, लाईट जाता-येता, पोरं आजूबाजूला असताना तेच काम होईल असं समजणं म्हणजे आगीशी खेळ.

परवानाधारकाने कोणतं सामान घ्यावं?

काडतूस भरायचं मशीन सोडा. परवान्याची बंदूक असेल तर या गोष्टी मात्र घरात हव्यातच :

१. कुलूपबंद लोखंडी पेटी. बंदूक एका पेटीत, काडतुसं दुसऱ्या पेटीत, चावी एकाच जबाबदार माणसाकडे. दाराआड टांगलेली भरलेली बंदूक ही घरातल्या लेकरांसाठी सगळ्यात मोठी भीती.

२. नळी साफ करायचा गज, फडकं आणि बंदुकीचं तेल. पावसाळ्यात नळीला आतून गंज चढतो, कुंभारमाशी घर करते. नळीत अडथळा असताना बार काढला तर नळी फुटते. म्हणून बंदूक बाहेर काढली की आधी ती रिकामी आहे याची खात्री, मग नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का ते बघायचं.

३. काडतुसांसाठी कोरडा डबा. ओल लागलेलं, फुगलेलं, बुडाला हिरवट डाग आलेलं काडतूस वापरू नये. ते उघडून दारू काढायचा प्रयत्न तर अजिबात नको. परवाना घेऊन पोलीस ठाण्यात किंवा दुकानदाराकडे विचारा आणि जमा करा.

४. नोंदवही. कोणत्या तारखेला किती काडतुसं घेतली, किती वापरली, किती उरली. नूतनीकरणाच्या वेळी हीच वही कामाला येते.

५. बंदूक तपासणी. जुनी बंदूक असेल तर दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडून घराचं माप आणि नळीची अवस्था तपासून घ्या. नळीवर कोरलेलं माप वाचून घ्या आणि तेवढंच काडतूस मागा. बारा बोअरच्या बंदुकीत चुकून २० बोअरचं काडतूस गेलं तर ते नळीत पुढे सरकून अडकतं. मागून बारा बोअरचं घालून चाप ओढला की अनर्थ. घरात दोन मापांची काडतुसं एकत्र ठेवूच नका.

आणि काडतूस फुसकं गेलं, बार झाला नाही, तर लगेच बंदूक उघडायची नाही. नळी मोकळ्या दिशेला ठेवून अर्धा-एक मिनिट थांबायचं. कधी कधी टोपी उशिरा पेट घेते.

एक गोष्ट वरातीबद्दल. लग्नात, मिरवणुकीत आनंदाने बार काढणं हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. कोणाच्या जिवाला धोका होईल अशा हलगर्जीपणाने गोळी झाडली तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

नवीन परवाना : किनवटकरांनी ही अट आधी बघावी

पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कायद्याच्या कलम १३ मध्ये आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवानाही देता येतो. अर्जदाराचं वय २१ पूर्ण हवं. अर्ज केंद्र सरकारच्या शस्त्र परवाना पोर्टलवर भरायचा, निर्णय जिल्हाधिकारी देतात. त्याआधी जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल जातो. बंदूक सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षणही लागतं. परवाना आता ५ वर्षांचा असतो, पूर्वी ३ वर्षांचा होता. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागता येतं आणि कलम १८ प्रमाणे अपील करता येतं.

पण आपल्या तालुक्यासाठी एक वेगळी अट आहे, जी अनेकांना माहीत नसते. पैनगंगा अभयारण्य यवतमाळ आणि नांदेड या दोन जिल्ह्यांच्या हद्दीवर आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा असेल तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. आधीपासून परवाना असलेल्यांनाही वनखात्याकडे नोंदणी करावी लागते. तुमचं गाव या १० किलोमीटरमध्ये येतं का, हे अर्जाचे पैसे भरण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या.

परवाना मिळाला म्हणजे डुक्कर मारता येतं?

नाही. शस्त्राचा परवाना वेगळा, शिकारीची परवानगी वेगळी. रानडुक्कर आणि रोही हे दोन्ही वन्यजीव कायद्याच्या संरक्षित यादीत आहेत. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११ प्रमाणे वनखात्याचा अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. त्या कागदाशिवाय बार काढला तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अभयारण्याच्या हद्दीत शिकार केली तर शिक्षा कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं. मेलेलं जनावर सरकारी मालमत्ता ठरतं. मटण वाटून घेतलं की वाटून घेणारेही अडकतात.

जनावर अंगावरच आलं आणि स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवायला मारावं लागलं, तर तो गुन्हा नाही. पण लगेच वनखात्याला कळवायचं.

गावठी बॉम्ब, कार्बाइडची तोफ, तारेत करंट : तिन्ही नको

बंदूक नाही म्हणून काही जण दुसरे मार्ग धरतात. पिठात किंवा फळात स्फोटक गुंडाळून ठेवतात. डुकराआधी ते आपलीच गाय, शेळी किंवा कुत्रं तोंडात घेतं. गवत कापणाऱ्या बाईचा पाय त्यावर पडू शकतो. केरळमध्ये मे २०२० मध्ये अशाच स्फोटक भरलेल्या फळाने गाभण हत्तीण मेली आणि देशभर गाजावाजा झाला. याला स्फोटक पदार्थ अधिनियम, १९०८ लागतो.

दुसरी, प्लास्टिकच्या नळीची कार्बाइड तोफ. माकडं-डुकरं हाकलायला ती शेतात आली आणि तिथून पोरांच्या हातात गेली. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अशा तोफांनी कितीतरी मुलांचे डोळे जखमी झाले, काहींची नजर गेली. बार का झाला नाही म्हणून पोरं नळीत डोकावतात, आणि तेवढ्यात गॅस पेट घेतो.

तिसरं, महावितरणच्या तारेवर आकडा टाकून कुंपणात सोडलेला करंट. यात डुकरापेक्षा माणसं जास्त जवळची असतात. पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारी, सरपण आणायला निघालेली आई. वीजचोरीचा गुन्हा वेगळा आणि माणूस मेला तर मनुष्यवधाचा वेगळा.

शिवाय या शिवारातून वाघही जातो. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, रेडिओ कॉलर लावलेला एक वाघ २०१९ मध्ये आदिलाबाद, नांदेड, हिंगोली असा फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. डुकरासाठी लावलेल्या तारेत किंवा फाशात वाघ सापडला, की शेतकऱ्याची पुढची काही वर्षं कोर्टात जातात.

मग पहिला पैसा कुठे घालायचा? झटका मशीन बघून घ्या

मशीनच घ्यायचं असेल तर झटका मशीन, म्हणजे सौर कुंपणाचं. घरच्या लाईटचा करंट सतत वाहतो आणि माणसाला धरून ठेवतो. झटका मशीन साधारण सेकंदाला एकदा, अगदी क्षणभराचा झटका देतं आणि थांबतं. जनावर दचकून मागे सरतं, मरत नाही. घेताना हे बघा :

- मशीन कंपनीचं, बिलासह आणि गॅरंटीचं हवं. गावात जोडलेलं, घरच्या लाईटवर थेट चालणारं जुगाड नको. मशीन बॅटरीवर आणि सौर पट्टीवर चालणारं असावं.
- क्षमता तारेच्या लांबीप्रमाणे. तीन-चार तारा ओढल्या तर एक फेरा तीन-चार पट होतो. दुकानदाराला एकर नका सांगू, तारेची एकूण लांबी सांगा.
- अर्थिंग पक्कं. झटका बसत नाही अशी तक्रार असते, तिथे बहुतेक वेळा अर्थिंग कच्चं असतं. सळई खोल ठोका आणि उन्हाळ्यात तिथली माती ओली ठेवा. आपल्या मुरमाड जमिनीत एक सळई पुरत नाही.
- खालची तार एक वीत उंचीवर. डुक्कर उडी मारत नाही, खालून मुसंडी मारतं. म्हणून दोन खालच्या तारा महत्त्वाच्या. रोह्यासाठी वर आणखी तारा लागतात.
- तारेखालचं गवत काढत राहा. गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत उतरतो.
- पाटी लावा. पायवाटेच्या बाजूला ‘झटका तार’ असं मोठ्या अक्षरात लिहा.

चार शेजाऱ्यांनी मिळून एकच फेरा मारला तर खर्च बराच कमी होतो आणि डुक्कर एकाच्या शेतातून हाकललं की दुसऱ्याच्या शेतात शिरायचं, तेही थांबतं. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदान मिळतं. आपलं गाव यादीत आहे का आणि सध्या अर्ज चालू आहेत का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा.

नुकसान झालंच तर

दिसलं त्याच दिवशी फोटो काढा, गट नंबर टिपा आणि वनखात्याला कळवा. पंचनाम्याआधी पीक मोडू नका. वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीची भरपाई राज्य सरकार देतं, अर्ज ऑनलाइन करता येतो. याशिवाय केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं, की खरीप २०२६ पासून पीक विम्यातही वन्यप्राण्यांमुळे झालेलं नुकसान धरलं जाईल. त्यासाठी ७२ तासांच्या आत पीक विमा ॲपवर ठिकाण दाखवणारे फोटो टाकून कळवायचं आहे. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे, हे राज्याने अधिसूचित करायचं आहे. म्हणून विमा भरताना सेवा केंद्रात हा प्रश्न आवर्जून विचारा.

घरात जुनं सामान सापडलं तर?

आजोबांच्या पेटीत तोटे भरायचा जुना संच, दारूचा डबा किंवा काडतुसं निघाली तर घाबरून नदीत टाकू नका, जाळू नका, भंगारवाल्याला देऊ नका. हात न लावता बाजूला ठेवा आणि किनवट, मांडवी किंवा इस्लापूर, जे जवळ असेल त्या पोलीस ठाण्यात कळवा. परवानाधारक वारला असेल तर बंदूक आणि दारूगोळा विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करावा असं कायद्याचं कलम २१ सांगतं. जमा केल्यावर पावती घ्या. वारसाला स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करता येतो. आपणहून जमा करणारा आणि झडतीत सापडलेला, यात फार फरक पडतो.

थोडक्यात

- काडतूस भरायचं मशीन, दारू, टोप्या घरी ठेवणं म्हणजे दारूगोळा बाळगणं. बनवलं तर ७ वर्षं ते जन्मठेप.
- शस्त्र परवान्यात काडतूस बनवायची परवानगी नसते. काडतूस दुकानातूनच, बिलावरच.
- अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नव्या परवान्याला मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती लागते.
- डुक्कर-रोही मारायला वनखात्याचा वेगळा लेखी कागद हवा.
- पिकाच्या राखणीचा पहिला पैसा झटका मशीनमध्ये, पक्क्या अर्थिंगमध्ये आणि शेजाऱ्यांच्या जोडीने घालावा.

एका हंगामाचं सोयाबीन गेलं तर पुढच्या हंगामात भरून काढता येतं. गेलेला डोळा आणि तुरुंगात गेलेली सात वर्षं मात्र परत येत नाहीत.